गळ्याला बांधलेलं पान

दर सोमवारी प्रार्थना संपली की मी पोरांना ओळीत उभं करून तोंड उघडायला लावायचे. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते, आणि स्वच्छतेची तपासणी कुणालाच नको असल्यामुळे ती माझ्या गळ्यात पडली होती. आधी नखं, मग कान, मग दात. हनुवटीला बोट लावायचं आणि म्हणायचं, "मोठा आ कर." कुणाच्या दातात मेथी अडकलेली, कुणाची दाढ किडलेली, कुणी सकाळी चूळसुद्धा भरलेली नाही. चाळीस-पंचेचाळीस तोंडं मी दर आठवड्याला आतून बघत होते, आणि हे कितीतरी वर्षं चाललं. पोरं पाठीमागे मला 'दातवाली बाई' म्हणायची, तेही मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्याशी याचा संबंध आहे.

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं. आबा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते आणि माय दुसऱ्यांच्या केळीत मजुरीला जायची. वस्तीत आमचं घर एका गोष्टीसाठी ओळखलं जायचं, ती म्हणजे घरात कुणालाही कसलंही व्यसन नाही. धम्म स्वीकारल्यावर आबांनी विहारात सगळ्यांसमोर उभं राहून बिडी सोडली होती. बंडल आणि काडेपेटी पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, ज्या तोंडाने पंचशील म्हणायचं त्या तोंडात ही धरायची नाही. लोक ती गोष्ट पुढे वीस वर्षं सांगत राहिले. लोकांनी सांगितली नाही तर आबा स्वतः सांगायचे. माझ्या सासरची माणसं मला बघायला आली तेव्हा पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी त्यांनी ऐकवलं होतं, "आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सापडणार नाही."

त्याच घरात चुलीजवळच्या कोनाड्यात मिसरीचा डबा असायचा.

इतर ठिकाणी तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची आणि बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ती भाजायचं काम माझ्याकडे होतं. ते सोपं नाही. तवा लवकर उतरवला तर तंबाखू कच्ची राहते आणि लावणारीला गरगरतं, उशीर झाला तर नुसती राख हाती येते. मधली वेळ धुराच्या वासावरून कळते. तो धूर डोळ्यांत जायचा, घशात जायचा, मी खोकत खोकत उलथन्याने तंबाखू खालीवर करायचे, पण वेळ माझी कधी चुकली नाही. केळीच्या मळ्यात बाया न्याहारीला बसल्या की माय डबी उघडून सगळ्यांपुढे फिरवायची आणि म्हणायची, "मनी पोरना हातनी मिसरी शे." माझ्या पोरीच्या हातची आहे. मला फार बरं वाटायचं ते. शाळेत पहिला नंबर आल्यावरही तिने मला असं कधी चारचौघींत मिरवलं नव्हतं.

दिवसातून चार वेळा तरी ती मिसरी लावायची. पहाटे उठल्याबरोबर पहिली. ती लावून, थुंकून, खळखळून चूळ भरून ती आबांशेजारी हात जोडून उभी राहायची आणि दोघं वंदना म्हणायचे. मग पंचशील. पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, तेही ती खणखणीत आवाजात म्हणायची. तोंडात अजून मिसरीची चव असणार. पण आबांना, तिला किंवा मागे उभ्या असलेल्या मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बिडी ओढतात, दारू पितात, तंबाखू चुना लावून खातात. मिसरी म्हणजे दात घासणं, आणि दात घासण्याला कुणी व्यसन म्हणतं का.

शिवाय माय तंबाखूची वैद्य होती. मी हे थट्टेने म्हणते, पण वस्तीतली माणसं थट्टेने म्हणत नसत. आमच्या गावात तंबाखूची शेती कुणी करत नव्हतं. मायने मात्र कुठल्यातरी नातलगाकडून बी आणून परसात, मोरीचं पाणी जिथे वाहायचं तिथे, चार झाडं लावली होती. कमरेच्या वर जाणारी, रुंद पानांची, वरती फिक्या गुलाबी फुलांचे झुबके. पानाला हात लावला की चीक बोटांना चिकटायचा आणि साबणानेही लवकर जायचा नाही. दाढ ठणकली की लोक मायकडे यायचे, ती चिमूटभर मिसरी दाढेत दाबायची आणि ठणका थांबायचा. विंचू चावला की चुरलेली तंबाखू ओली करून त्यावर ठेवायची. म्हशीला गोचीड झाले, पोरींच्या डोक्यात उवा झाल्या, की तंबाखू उकळलेलं पाणी. कुणाचं काही सुजलं, कुणाचा पाय मुरगळला, कुणा पुरुषाला सांगायची लाज वाटावी अशा जागी सूज आली, तर पानाला एरंडेल लावून ते तव्यावर कोमट करायचं आणि बांधायचं. पान गावठी, तेल गावठी, आणि माय काही मागायची नाही. तिच्यासारख्या मजुरी करणाऱ्या बाईच्या दाराशी केळीवाले पाटीलसुद्धा पान न्यायला यायचे आणि बाहेर उभे राहून तिला 'अक्का' म्हणायचे. त्या हाकेची तिला केवढी किंमत होती, हे वस्तीच्या बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं लागू पडायचं. निकोटीनने किडे मरतात, हे मी पुढे स्वतःच वर्गात शिकवलं. पण लागू पडतं म्हणजे निरुपद्रवी असतं असं नाही, हेही तिथेच दिसत होतं. एकदा शेजारच्या शेळीच्या करडाला पिसवा झाल्या म्हणून मायने त्याला तंबाखूच्या पाण्याने अंघोळ घातली. त्याच्या मानेवर खरचटलेलं होतं. थोड्या वेळाने ते थरथरायला लागलं, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि जेवणवेळेपर्यंत पाय ताणून मेलं. माय म्हणाली, आधीच अशक्त होतं. शेजारणीनेही मान डोलावली. मी तेव्हा अकरावीत, विज्ञान शाखेत होते, आणि मीही मान डोलावली.

मी स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत मिसरी लावत होते. दाढ दुखली म्हणून मायने अकराव्या वर्षी लावली आणि ती राहिली. सुटली कशी, तर होस्टेलवरच्या मुली माझ्या काळ्या बोटाला हसल्या म्हणून. मी टूथपेस्ट आणली आणि आठवडाभर डोकं धरून बसले, चिडचिड केली, एका मुलीला उगीचच बोलले. पुढे मी बाई झाले, फळ्यावर 'तंबाखूचे दुष्परिणाम' असं लिहून त्याखाली रेघ मारू लागले, तेव्हा मला वाटायचं की आपण शिकलो म्हणून त्यातून सुटलो. मी लाजेपोटी सुटले होते. फळ्यावर मी बिडी लिहायचे, सिगारेट लिहायचे, चुना-तंबाखू आणि नव्याने आलेला गुटखा लिहायचे. पुस्तकात मिसरी नव्हती. मीही ती कधी लिहिली नाही, आणि सुटीत माहेरी गेले की वर्षाची मिसरी भाजून डबे भरून यायचे. माय म्हातारी होत चालली होती, तिचे डोळे धुराने चुरचुरायचे. लेक म्हणून तेवढं करायला नको का, असं मला वाटायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं त्या सुमाराची गोष्ट. दिवाळीला घरी गेले तर मायच्या ताटात ठेचा नव्हता. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा याशिवाय तिचं जेवण मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती भाकरी वरणात कुस्करून, बारीक घास करून, उजव्या बाजूने चावत होती. मी विचारलं तर म्हणाली, "दाढनी कड लागस. गाल सोलाई गया." हसताना ती तोंडावर पदर धरत होती, ते मात्र तिचं नेहमीचंच होतं. मी तिला तालुक्याच्या गावी एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. निघायच्या आधी तिने तीनदा चुळा भरल्या, कारण डॉक्टरसमोर घाण तोंड नको.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. मग विचारलं, "आजी, काही व्यसन? पान, तंबाखू, बिडी?"

"नही भाऊ," माय म्हणाली.

आणि मी तेवढ्यावर थांबले नाही. मी म्हणाले, "आमच्या घरात कुणालाच कसलं व्यसन नाही, डॉक्टर. आम्ही पंचशील पाळतो." आवाजात अभिमान होता माझ्या. आबांचा अभिमान मी जसाच्या तसा उचलला होता. डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर गर्दी होती. त्यांनी दाढेची कड घासून दिली, लावायला मलम दिलं आणि बजावलं, "पंधरा दिवसांत जखम भरली नाही तर पुन्हा या. विसरू नका." त्यांची मी चूक काढू शकत नाही. त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं आणि मायने खोटं सांगितलं नव्हतं. मीही नाही. आम्हा दोघींना जे खरं वाटत होतं तेच आम्ही सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी मी पत्र टाकून विचारलं. आबांनी उत्तर पाठवलं की तुझी माय बरी आहे, दुखणं थांबलं आहे. थांबलंच होतं. मलम गोड लागतं म्हणून तिने ते ठेवून दिलं होतं आणि जखमेवर मिसरीच दाबून धरायला लागली होती. आधी दिवसातून चारदा लागायची, आता दहादा. मिसरीने जागा बधिर व्हायची आणि तिला वाटायचं, गुण येतोय.

उन्हाळ्याच्या सुटीत मी गेले तेव्हा तिच्या डाव्या जबड्याखाली गाठ होती. लिंबाएवढी.

"दुखस का?" मी विचारलं.

"दुखत नही. सूज शे नुसती. पान बांधसूत, उतरी जाई." आणि मग म्हणाली, "तूच बांध. तुना हात मऊ शे."

मी बांधलं. हे मला कुणापासून लपवायचं नाही. मे महिन्याचं ऊन, बाकी सगळं जळून गेलेलं, पण मोरीकाठची ती झाडं हिरवीगार होती. रोज सकाळी मी एक चांगलं पान खुडायचे, एरंडेल चोपडायचे, तव्यावर कोमट करायचे, तेही त्याच तव्यावर ज्यावर मी लहानपणापासून मिसरी भाजत आले होते, आणि गाठीवर ठेवून वरून जुन्या पातळाची पट्टी बांधायचे. पान बसवताना गाठ बोटांना लागायची. टणक होती. इकडेतिकडे हलत नव्हती. सुजलेलं मांस असं लागत नाही, हे माझ्या बोटांना कळत होतं आणि मी ते डोक्यापर्यंत जाऊ देत नव्हते. माय डोळे मिटून म्हणायची, बरं वाटतंय. सुटी संपेपर्यंत, एक दिवस न चुकवता, मी ते पान बांधलं. निघताना मी आबांना दाखवून दिलं, किती गरम करायचं, पट्टी किती घट्ट बांधायची. ते वहीत लिहून घ्यायला बसले होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि महिन्याभराने मुलांचे दात तपासायला एक तरुण डॉक्टर आले. तपासणी झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना ते सहज बोलले, "बाई, तुम्ही मुलांचे दात बघता ते चांगलंच आहे. पण त्यांच्या आयांची तोंडं बघा. मशेरी ही तंबाखूच आहे, पण त्या बायकांना विचारलं तर सांगतात, आम्ही तंबाखूला शिवत नाही." मग ते बाकीच्या शिक्षकांना सांगत राहिले. गालात न भरणारी जखम, तिखट सोसत नाही, तोंड पुरतं उघडत नाही, मागाहून गळ्याशी गाठ. त्यांच्या प्रत्येक शब्दाला मला मायचं ताट दिसत होतं, कुस्करलेली भाकरी दिसत होती. चहाचा कप माझ्या हातात तसाच होता.

मी विचारलं, "गाठीवर तंबाखूचं पान बांधलं तर?"

ते थट्टा करत नव्हते, पण त्यांना हसू आलं. "पानाने काय होणार, बाई? तेवढे दिवस गेले म्हणायचे."

मी तशीच बस स्टँडवर गेले. अमळनेरवरून चोपड्याला जाणाऱ्या गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली आणि सगळ्या वाटेत मी एकच हिशोब करत होते, पंधरा दिवसांनी परत नेलं असतं तर, मेमध्ये पान न बांधता नेलं असतं तर. तापीच्या पुलावर गाडी थांबली होती. शेजारची बाई डबी काढून मिसरी लावत होती आणि तिने मला विचारलं, लावते का. मी तिच्याकडे असं बघितलं की ती बिचारी सरकून बसली. तिचा काय दोष होता.

पुढचं लवकर सांगते, कारण ते लवकरच झालं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. माय तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मिसरी लावते. चाळीसेक वर्षं. दिवसातून दहादा." बाई लिहीत होत्या. माय माझ्याकडे बघत राहिली. बाहेर बाकड्यावर येऊन बसलो तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "तू माले कागदवर व्यसनी करी टाकं." मला वाटलं होतं ती आजाराला घाबरली असेल. तिला त्याचं काही नव्हतं. आयुष्यभर जे नाव तिने आणि आबांनी जपलं, ते मी एका परक्या बाईसमोर पुसून टाकलं होतं, याचं तिला दुःख होतं. मी तिला समजावलं नाही. मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा.

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. काही आठवडे लाइट दिली, म्हणजे किरणांचा उपचार. तिचा गाल आणि गळा करपल्यासारखा काळा पडला, तोंडात फोड आले, चमचाभर पाणीसुद्धा ती रडत गिळायची. आणि तिथेही तिला मिसरी हवी असायची. बोट दातांकडे नेऊन मला खुणा करायची. वॉर्डात तिच्यासारख्या बाया होत्या, कुणी कोकणातली, कुणी घाटावरची, आणि त्यांतल्या दोघींच्या उशीखाली डब्या मला दिसल्या. थंडी पडायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

मी बिनपगारी रजा टाकून माहेरी राहिले. मायचं बोलणं तोपर्यंत बंद झालं होतं. सकाळी आबा एकटेच वंदना म्हणायचे, ती खाटेवरून हात जोडायची आणि नुसते ओठ हलवायची. गाठ आता फुटायच्या बेतात आली होती. वास यायचा. एका सकाळी तिने मला हात केला आणि परसाच्या दाराकडे बोट दाखवलं, मग गळ्याकडे. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने पुन्हा दाखवलं. आबा उठले, बाहेर गेले आणि एक पान खुडून घेऊन आले. ते पान हातात धरून उभेच राहिले.

मी एरंडेल काढलं. तवा ठेवला. त्या पानाने काय होतं आणि काय होत नाही, ते आता मला पुरतं माहीत होतं. तरीही मी ते कोमट केलं, जखमेला लागू नये म्हणून मध्ये स्वच्छ फडकं ठेवलं आणि अगदी सैल बांधलं. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले आणि उजव्या हाताचा अंगठा आणि बोट माझ्यापुढे धरून हळूहळू जवळ आणलं. लहान होतेय, असं ती मला सांगत होती. तुझ्या हाताने उतरतेय.

"हो माय," मी म्हणाले, "उतरतेय."

त्यानंतर ती आठ दिवस होती.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी वस्ती आली, केळीवाल्या घरांतली माणसंही आली. वंदना झाली आणि एकेक जण आदरांजली वाहायला उभा राहिला. प्रत्येकाने वेगवेगळे शब्द वापरले, पण एक वाक्य सगळ्यांनी म्हटलं, की या बाईला आयुष्यात कसलं व्यसन नव्हतं, तरी असा रोग व्हावा, हे नवल आहे. आबा पुढे बसून मान डोलावत होते. मागे बायांमध्ये दोघी-तिघी पदराआड बोट दातांवर फिरवत होत्या. डबी मायचीच होती, मी ओळखली. आतली मिसरी मी भाजलेली.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी ठरवून काही उठले नव्हते. मी म्हणाले, "माझी माय मिसरीने गेली. मिसरी तंबाखूच आहे. ती मी भाजून द्यायचे. गळ्याला गाठ आली तेव्हा दवाखान्यात न नेता मी महिनाभर पान बांधत बसले." एवढंच बोलले. कुणी चिडलं असतं तर बरं झालं असतं. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसरीला म्हणाली, पोरीना डोकावर परिणाम व्हई गया. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. जेवणं झाली, बाया हात धुऊन आल्या आणि डबी पुन्हा फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात जाऊन झाडं उपटायला लागले. मुळं खोल गेलेली, दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. आबा दारात येऊन उभे राहिले. कालपासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

"एक राहू दे," ते म्हणाले. "लोक लांबून येतात. तिच्या हातचं आहे."

मी ऐकलं नाही. चौथंही उपटलं. ते आत गेले, आणि पुढे बरेच महिने माझ्या पत्राला त्यांचं उत्तर आलं नाही.

कुंपणापलीकडून शेजारची सून बघत होती. तिशीही उलटलेली नसेल. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मायला 'मोठी माय' म्हणायची, मायच्याच डबीतून मिसरी लावायला शिकली होती. ती कुंपणाला वळसा घालून आत आली, इकडेतिकडे बघितलं आणि पदर बाजूला करून म्हणाली, "अक्का, जरा दखशी का?"

माझे हात चिकाने भरले होते. मी ते साडीला पुसले, तिच्या हनुवटीला बोट लावलं आणि सवयीने म्हणाले, "मोठा आ कर." मग खालचा ओठ तिलाच बाहेर ओढायला सांगितला. ओठाच्या आत, जिथे मिसरी साचून राहते तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा होता. सुरकुतलेला. सकाळचं ऊन सरळ त्यावर पडलं होतं. बघायला क्षणही लागला नाही.

"हाई तेच शे का?" तिने विचारलं.

"कदाचित नसेल. पण आजच चोपड्याला जायचं, आणि डॉक्टरला मिसरीचं आधी सांगायचं. तपासायला वेळ गेलेली नाही. आणि ती डबी आजपासून बंद." मी तिला घाबरवायचं नाही असं ठरवून बोलत होते.

तिने ओठ सोडला, पदर सारखा केला. जाता जाता थांबली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, तिला खरंच नवल वाटलं होतं.

"तुले ते दखताच समजनं, अक्का," ती म्हणाली. "मंग मोठी मायनं तुले कसं नही समजनं?"

चारही झाडं माझ्या पायाशी पडली होती. दर सोमवारी पंचेचाळीस तोंडं आणि इतकी वर्षं. मी तिला खरं ते सांगितलं.

"मायला मी कधी तोंड उघडायला सांगितलंच नाही."